पेटी, कीबोर्ड आणि साथ
(मंडळाच्या निधी-संकलन संध्येत अल्फारेटा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधी भाषण ठेवलं की ते आपोआप आटोपशीर होतं, असा आमच्या कार्यकारिणीचा हिशोब आहे. तेव्हा प्रस्तावना गाळून थेट विषयावर येतो.

आम्ही म्हणजे मंडळाच्या भजनाला, गणपतीच्या आरत्यांना आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला साथ करणारी सहासात माणसं. स्टेजवर आम्ही बाजूला बसतो, फोटोत अर्धे येतो. आमच्यात दोन घरं मराठी ख्रिस्ती आहेत, एक मूळचं नगरचं आणि दुसरं जालन्याकडचं. बाकीचे देवळात जाणारे किंवा कुठेच न जाणारे. या दोन घरांतली मुलं रविवारी सकाळी चर्चच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतात आणि संध्याकाळी आमच्या बेसमेंटमधल्या प्रॅक्टिसला येतात. गेली तीन वर्षं आम्ही पेटीवाले त्यांच्याकडून कीबोर्ड शिकतो आहोत आणि ती आमच्याकडून मराठी गाण्याची साथ. हा देवाणघेवाणीचा व्यवहार काय आहे, आणि आज तुम्ही दिलेले पैसे त्यात कुठे लागणार, हे सांगायला आम्ही उभे आहोत.

आपलं गाव या बाबतीत साधं नाही बरं का. नॉर्थ पॉइंट कम्युनिटी चर्च १९९५ साली अँडी स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे अल्फारेटात सुरू केलं. रविवारी नॉर्थ पॉइंट पार्कवेवर त्यांच्या गाड्यांच्या रांगेत आपल्यापैकी बरेच जण अडकलेले असतील. आत जुन्या पद्धतीचा ऑर्गन आणि झगे घातलेला गायकवृंद नाही. ड्रम, गिटार, बास आणि कीबोर्ड आहेत, मोठा पडदा आहे, त्यावर गाण्याचे शब्द येतात. ही पद्धत कॅलिफोर्नियात साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण पोरांच्या चळवळीतून सुरू झाली. लांब केसांची, गिटार घेऊन फिरणारी ती मुलं चर्चमध्ये आली आणि गिटार दाराबाहेर ठेवायला तयार झाली नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियातून, इंग्लंडमधून आणि आपल्या अटलांटातून अशी गाणी जगभर गेली. आज अल्फारेटाच्या शाळेत पियानो शिकणाऱ्या मुलाला पहिलं 'खरं काम' बऱ्याचदा याच बँडमध्ये मिळतं. शिकवणीत तो बाखचे तुकडे वाजवतो. चर्चमध्ये त्याच्या हातात शब्दांवर अक्षरं लिहिलेला एक कागद देतात आणि म्हणतात, चल.

त्या कागदाला चार्ट म्हणतात. त्यात स्वरलिपी नसते, फक्त कुठल्या शब्दावर कुठला कॉर्ड ते असतं. आपल्याकडच्या पेटीवाल्याला हा कागद पाहून घाम फुटतो. पण घाबरण्यासारखं काही नाही. सा, ग, प एकदम दाबले की पहिला कॉर्ड झाला. म, ध आणि वरचा सा हा चौथा. प, नी आणि वरचा रे हा पाचवा. ध आणि वरचे सा, ग हा सहावा, तो जरा उदास. निम्म्याहून जास्त वर्शिप गाणी या चौघांत भागतात. इकडचे वादक त्यांना आकड्यांनीच ओळखतात: एक, पाच, सहा, चार. ही आकड्यांची रीत इथून चार तासांच्या ड्राइव्हवर, नॅशव्हिलच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत, १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने बसवली. गायकाची पट्टी बदलली तरी कागद बदलायला लागू नये, एवढाच हेतू. आता सांगा, आपण लहानपणापासून दुसरं काय करतो? सा कुठेही धरा, ध हा ध-च राहतो. बाईंनी काळी पाचमध्ये गायलं आणि बुवांनी काळी एकमध्ये, म्हणून सारेगम बदलत नाही. पियानोची आठ वर्षं परीक्षा दिलेल्या आमच्या मुलांना ही आकड्यांची गोष्ट पचायला महिना लागला. पेटीवाल्या काकांना ती चहा थंड व्हायच्या आत समजली.

त्यांना जड गेलं ते वेगळंच.

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. सूर काढणं हे उजव्याचं काम. संगीत नाटकातल्या ऑर्गनला भाता पायानं चालत असे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे असत, पण तो ऑर्गन आता कुणाच्या घरी? तेव्हा कीबोर्डवर बसल्यावर डाव्या हाताचं करायचं काय, हा पहिला प्रश्न. मुलांचं उत्तर सोपं होतं: "काका, एकच नोट. आणि बास गिटार असेल तर तीही नको." खालच्या सुरांत बास गिटार आणि कीबोर्डचा डावा हात दोघंही घुसले की नुसता चिखल होतो, गाणाऱ्याला सूर सापडत नाही.

दुसरं, पाय. पेटीचा सूर भाता आहे तोवर चालतो, बोट उचललं की मेला. पियानोचा सूर उलट, वाजवल्या क्षणापासून विरायला लागतो. त्याला धरून ठेवायला सस्टेन पेडल. नवशिका काय करतो, पाय दाबून ठेवतो आणि चार कॉर्ड एकमेकांत कालवतो. खरी रीत अशी: नवा कॉर्ड पट्ट्यांवर पडतो त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. हात खाली जाताना पाय वर येतो. दुचाकीच्या क्लचची सवय असलेल्यांना हे लवकर जमतं, असं आमचं निरीक्षण आहे.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. आपली साथ म्हणजे गायकाच्या मागोमाग जाणं. त्यानं हरकत घेतली की पेटीनं ती उचलायची, तो थांबला की भरून काढायचं. चांगल्या पेटीवाल्याची कीर्ती त्यावरच. वर्शिप बँडमध्ये कीबोर्डनं चाल वाजवायचीच नाही! चाल लोकांच्या तोंडी असते. कीबोर्डवाल्यानं खाली जमीन अंथरायची. त्याला 'पॅड' म्हणतात: लांब, मऊ, न थांबणारा सूर. प्रार्थना चालू असताना, कुणी बोलत असतानासुद्धा तो मागे चालू राहतो. हे ऐकल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, अरे, कीर्तनात बुवा निरूपण करत असतात तेव्हा पेटीवाला सूर धरून बसतो, तेच ना हे? अगदी तेच.

आणि आता ती युक्ती, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं. इकडच्या वादकांची एक सवय आहे. उजव्या हातानं सा आणि प धरतात आणि सोडतच नाहीत. खाली कॉर्डचा मूळ सूर बदलत राहतो, सा, मग प, मग ध, मग म, पण वरचे दोघे जागच्या जागी. खाली म आला की वरचा प त्याच्या पुढचा शेजारी होतो आणि एक गोड चुरचुर येते. खाली प आला की वरचा सा अधांतरी लटकतो, सुटावासा वाटतो. रविवारी पडद्यासमोर उभ्या राहिलेल्या गर्दीच्या अंगावर काटा येतो त्यात या दोन न हलणाऱ्या सुरांचा मोठा वाटा आहे. मंडळी, सा आणि प सतत वाजत ठेवणाऱ्या वाद्याला आपण तानपुरा म्हणतो. त्या मुलांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसावं.

आता उलट बाजू. मुलं मराठी गाण्याच्या साथीला बसली तेव्हा काय झालं?

नगरच्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. सहा महिने इथे, सहा महिने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. 'उपासना संगीत' हे मराठी चर्चचं गाण्यांचं पुस्तक त्यांच्या उशाशी असतं, पण त्यांना ते उघडायला लागत नाही. त्यातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना पाठ आहेत.

टिळक आपल्याला शाळेत कवितांमुळे भेटले. बालकवींना आपल्या घरी ठेवून घेणारे, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत, आणि पुढचं बरंचसं आयुष्य नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. अमेरिकन मिशन! म्हणजे बॉस्टनकडून निघालेली माणसं नगरला गेली आणि नगरची माणसं आज अल्फारेटात आहेत, असा हा फेरा आहे. त्या मिशनऱ्यांनी आपली गाणी भाषांतर करून आणली. चाली तिकडच्या, शब्द मराठी. मराठी शब्दाचा आघात एकीकडे, चालीचा दुसरीकडे, असं व्हायचं. नगरला कृष्णराव सांगळ्यांसारख्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी पुढे अभंग आणि भजनांचा ओघच चर्चमध्ये आणला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची भजनं मात्र पेटी, तबला आणि टाळांवर महाराष्ट्रभरच्या चर्चमधून चालू राहिली.

पण पुस्तकात शब्द आहेत. चाल माणसांच्या गळ्यात असते, आणि ती गावागणिक थोडी बदलते. आजींना त्यांच्या आईकडून आलेल्या अशा चाळीसएक चाली येतात. त्यातल्या काही त्यांच्या सुनेलाही येत नाहीत. नातू रविवारी बँडमध्ये इंग्रजी गाणी वाजवतो, आजी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. आणि आजी घरी गातात तेव्हा साथीला कुणी नसतं.

एका शनिवारी आम्ही दोघांना समोरासमोर बसवलं. आजींनी सूर लावला, पेटीवाल्या काकांनी पट्टी ओळखली: काळी तीन. नातवानं कपाळाला हात लावला. काळी तीन म्हणजे इंग्रजीतला एफ शार्प, पाच काळ्या पट्ट्यांचा कारभार. ट्रान्सपोजचं बटण असतंच, ते दाबून हात पांढऱ्यावर ठेवता येतो. (ते बटण पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायला विसरलं की काय होतं, ते कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा.) आजी भूपाच्या अंगानं जाणारं भजन गात होत्या: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. मुलगा बिचारा सवयीनं चौथा कॉर्ड लावायचा, त्यात मध्यम आलाच, की आजी थांबायच्या. रागवायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या.

"काका, फोर नाही चालत, फाइव्ह पण नाही चालत. मग प्ले काय करू?"

"काहीच करू नकोस. रविवारी काय धरून ठेवतोस? सा-प. तेच धर. खाली फक्त सा आणि कधीतरी ध."

त्यानं पियानोचा आवाज बंद केला, पॅड लावलं आणि दोन सूर धरले. आजींनी पूर्ण भजन म्हटलं, पाचही कडवी. त्यांच्या सुनेनं फोनवर ते रेकॉर्ड केलं. संपल्यावर आजी नातवाला म्हणाल्या, "तुला हे येत होतं तर आधी का नाही वाजवलंस?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला ते येत होतंच. ते आजीच्या गाण्याचं आहे हे ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आम्ही काही ठोकताळे ठरवले आहेत. पाच स्वरांच्या रागातलं गाणं असेल तर कॉर्ड कमी, सा-प जास्त. यमनासारख्या चालीत तीव्र मध्यम आहे, तिथे नेहमीचा चौथा कॉर्ड खुपतो, तो वगळा. भैरवीत कोमल रे येतो, त्यावर कॉर्ड उभा केला तर कानाला स्पॅनिश वाटतो. काहींना आवडतो, आजींना नाही. धुमाळी आणि भजनी ठेक्यात आठ मात्रा, म्हणजे मुलांच्या चार-चारच्या मोजणीत बरोबर बसतं. दादरा सहाचा, तोही त्यांना ओळखीचा, त्यांची बरीच गाणी सहाच्या झोक्यावर आहेत. गाडं अडतं ते रूपकच्या सातावर. त्याला वेळ लागतो, लागू द्यावा.

काही जण आम्हाला विचारतात, आणि जरा दबक्या आवाजात विचारतात, की आपल्या गाण्याला हे परकं वाद्य कशाला? पेटी काय आळंदीला जन्मली का? हार्मोनियम पॅरिसची. अलेक्झांदर दबेँ यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास तिला जमिनीवर बसून हातानं वाजवण्याजोगं रूप दिलं. आकाशवाणीनं तर १९४० साली तिला बाहेरच काढलं होतं. तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींना बसत नाहीत, ही तक्रार. ती खरीही होती. सत्तरच्या दशकात बंदी सैल झाली. तोवर आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक होऊन गेले होते, आणि देवळात, शाळेत, नाटकात, चर्चमध्ये पेटी रुळली होती. तेव्हा कीबोर्डवरचा आक्षेप आम्ही नम्रपणे ऐकून घेतो आणि प्रॅक्टिस चालू ठेवतो. एक मात्र कबूल: पेटीला वीज लागत नाही. लोडशेडिंगच्या गावात हा गुण छोटा नाही.

आणि तिथून पैशाच्या गोष्टीवर येतो.

आजच्या संध्याकाळचा निधी दोन ठिकाणी जाणार आहे. मोठा हिस्सा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेकडे. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं आहेत आणि संगीताची एक खोली आहे. खोलीत तीन पेट्या आहेत, त्यातल्या दोन बोलत नाहीत. एकीचा भाता उंदरांनी खाल्ला आहे, दुसरीचे रीड गंजले आहेत. आम्ही आधी नवीन पेट्यांचा विचार केला, मग तिथल्या गुरुजींनीच कळवलं की लाकूड उत्तम आहे, दुरुस्त करून घेऊ. तेव्हा दोन पेट्यांची दुरुस्ती, आणि एक कीबोर्ड. कीबोर्ड कसा, याची यादी आमच्या मुलांनी केली: एकसष्ट पट्ट्या पुरेत, पण जोर देऊन दाबली तर मोठा आणि हलकी दाबली तर लहान आवाज काढणाऱ्या हव्यात. सस्टेन पेडल लावायची सोय हवी. बॅटरीवर चालायला हवा. दोनशे ताल आणि पाचशे आवाज असलेला नको, मुलं महिनाभर बटणंच दाबत बसतात. लाल रंगाचा तो स्वीडिश कीबोर्ड, जो इथल्या चर्चच्या स्टेजवर दिसतो, त्याची किंमत मात्र आम्ही मुलांना विचारूही दिली नाही.

लहान हिस्सा इथे. आमच्याकडे उसने द्यायला तीन कीबोर्ड आणि दोन पेट्या हव्या आहेत. लायब्ररीच्या पुस्तकासारख्या न्यायच्या, तीन महिन्यांनी परत आणायच्या. एका घरी पेटी गेली तर त्याच घरी कीबोर्डही जाईल, एकटं एक देणार नाही, ही आमची अट आहे. ज्यांच्या गराजमध्ये मुलगा कॉलेजला गेल्यापासून यामाहा किंवा कॅसिओ कापड पांघरून उभा आहे, त्यांनी तोच आणून दिला तरी चालेल. अॅडॅप्टर तेवढा शोधून ठेवा, तो कधीच सापडत नाही.

आजींच्या चाळीस चालींपैकी एकवीस आतापर्यंत रेकॉर्ड झाल्या आहेत. शब्दांवर सारेगम आणि खाली कॉर्डचे आकडे, अशा दोन ओळी लिहून आम्ही त्यांची वही करतो आहोत. मुलांना आकडे वाचता येतात, काकांना सारेगम. आजी पुढच्या महिन्याच्या शेवटी परत जाणार आहेत. तोवर दर शनिवारी दुपारी चार वाजता बसतो आहोत. चहा असतो, चपला बाहेर काढायच्या, आणि ज्यांना टाळ धरता येतो त्यांनी जरूर यावं, कारण टाळाला सध्या माणूस नाही.

स्वयंसेवक दारापाशी पावतीपुस्तक घेऊन उभे आहेत. जेवण वाढायला घ्या.